भिंत नसलेला तुरुंग

शिक्षेचा काळ संपवून माणूस कारागृहाबाहेर पडतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो जायचे कोठे, हा. तो बेंगळुरूच्या परप्पन अग्रहार कारागृहातून सुटलेला असो वा पुण्याच्या येरवड्यातून, दाराशी न्यायला घरचे कोणी आले असेल तर उत्तर तेथेच मिळते. निवारा मिळतो, दोन वेळचे जेवण मिळते, कामासाठी शब्द टाकणारा भाऊ किंवा मामा असतो. कोणीच आले नाही, तर जुने सोबतीच जवळचे वाटू लागतात.

परंतु हा आधार सुटकेच्या दिवशी अचानक निर्माण होत नाही. दहा-बारा वर्षांत मुलांना वडील अनोळखी होतात. पत्नी एकटीने संसार रेटते आणि गावाचे टोमणेही तीच सोसते. म्हणूनच तुरुंगातील भेट, पत्र आणि संचित रजा यांचे मोल मोठे आहे.

हे नाते तुटूच द्यायचे नाही, असा धाडसी प्रयोग औंध संस्थानात झाला. त्याचा एक धागा बेंगळुरूशी जोडलेला आहे. पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन तेथे म्हैसूर संस्थानच्या विद्युत कारखान्याचे प्रमुख होते. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्याशी ओळख झाल्यावर ते औंधला आले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. तिचे नाव स्वतंत्रपूर! कैद्यांच्या वसाहतीला असे नाव देणे हेच मुळी धैर्याचे होते.

येथे उंच भिंत नव्हती. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी शेती करीत आणि बायकामुलांसह राहत. पळून जायचे म्हणजे स्वतःचे घरच टाकून जायचे. भिंतीचे काम संसाराने केले. शिवाय बाप म्हणून, पती म्हणून रोजची जबाबदारी अंगावर असल्याने सुटकेनंतरचे जीवन शिक्षेच्या काळातच सुरू झालेले असे. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. चित्रपटात तुरुंगाधिकाऱ्याचा विश्वास ठळक दिसतो; प्रत्यक्षात त्या विश्वासाला घरच्या माणसांचीही साथ होती.

अर्थात प्रत्येक घराला हे साधत नाही. कित्येकदा गुन्हा घरातच घडलेला असतो. तेथे दार बंद करणाऱ्या आईला किंवा पत्नीला दोष कसा द्यावा? अशा माणसासाठी निवारा आणि काम शोधण्याचे ओझे मग शासनावर व समाजावर येते.