चष्मा दरीत, दोरी गळ्यात

तुमच्या वर्गात चष्मा लावणारी मुले-मुली किती आहेत ते एकदा मोजा. मग खेळाच्या तासाला त्यांच्यापैकी किती जणांच्या डोळ्यांवर चष्मा असतो तेही पाहा. दुसरी संख्या पहिलीपेक्षा बरीच लहान निघेल. चष्मा दप्तरात ठेवून मैदानावर उतरायचे, चेंडू नीट दिसत नाही म्हणून मागे मागे राहायचे आणि काही दिवसांनी ‘मला खेळाची आवडच नाही’ असे म्हणू लागायचे, हे मी शिक्षक म्हणून पुष्कळदा पाहिले आहे. घरून ताकीद असते, ‘फोडलास तर दुसरा मिळणार नाही!’ चष्मा स्वस्त नसतो, त्यामुळे त्या ताकिदीत काही खोटे नसते.

यावर उपाय म्हणजे चष्म्याला मागून दोरी किंवा पट्टा बांधणे. त्यात काय एवढे शिकायचे, असे तुम्हांला वाटेल. मलाही वाटले होते. दहावीत असताना आम्ही काही मित्र राजगडावर गेलो होतो. मी मोठ्या शहाणपणाने चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बारीक नायलॉनची दोरी बांधली होती आणि दोन्हीकडे पक्की निरगाठ मारली होती. बालेकिल्ल्याच्या चढणीवर खाली वाकून मागच्या मित्राला हाक मारली. घामाने ओला झालेला चष्मा नाकावरून सुटला, दोरीला एक हिसका बसला, आणि दोन्ही काड्या दोरीच्या फासांतून अलगद निसटल्या. चष्मा दरीत आणि दोरी माझ्या गळ्यात! गाठी मात्र जशाच्या तशा शाबूत होत्या.

माझा नंबर उणे पाच होता. उणे पाच नंबर म्हणजे एक भागिले पाच मीटर, अर्थात वीस सेंटिमीटर. त्यापलीकडचे सारे धूसर. म्हणजे उभे राहिल्यावर मला माझी पावलेसुद्धा स्पष्ट दिसत नव्हती. मित्राच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पाऊल चाचपत मी गड उतरलो. त्या दिवशीच्या भीतीपेक्षाही एक प्रश्न मला जास्त छळत राहिला. गाठ सुटली नाही, दोरी तुटली नाही, मग चष्मा पडला कसा?

याचे उत्तर बांगडीत आहे. बांगडी पक्क्या काचेची असते, तिला सांधा नसतो, तरी ती हातातून निघते. कारण ती मनगटाला आवळून धरत नाही. माझ्या निरगाठीने काडीभोवती अशीच एक बांगडी तयार झाली होती. घर्षणाचे बल हे दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती दाबले जातात यावर अवलंबून असते. दाब नाही तर घर्षण नाही, आणि गाठ कितीही पक्की असली तरी ती दाब निर्माण करीत नाही. पुडके बांधताना आई तुम्हांला म्हणत असेल, ‘जरा गाठीवर बोट धर.’ पहिली अर्धी गाठ मारून दुसरी मारेपर्यंतच दोरा सैल पडतो, म्हणून ते बोट लागते. नायलॉनची दोरी गुळगुळीत असल्यामुळे तर हे फारच लवकर होते.

आता हिसक्याचा हिशेब करू. समजा, चष्मा तीस ग्रॅमचा आहे. दोरी लांब असल्याने तो तीस सेंटिमीटर पडला आणि मग दोरीने त्याला एका सेंटिमीटरच्या अंतरात थांबवले. पडताना मिळालेली सगळी ऊर्जा त्या एका सेंटिमीटरमध्ये शोषली जायची, म्हणून सरासरी बल वजनाच्या एकतीस पट येते. तीस गुणिले एकतीस म्हणजे सुमारे ९३० ग्रॅमभार! हातात पिसासारखा वाटणारा चष्मा दोरीला जवळजवळ एक किलोचा झटका देतो. हाच चष्मा पाच सेंटिमीटर ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टिकने थांबवला, तर बल वजनाच्या सात पटच होते, म्हणजे २१० ग्रॅमभार. झेल घेताना चांगला क्षेत्ररक्षक चेंडूबरोबर हात मागे नेतो, तोच हा प्रकार. आणि पट्टा मुळातच आखूड असेल तर चष्मा पडण्याचा प्रश्नच उरत नाही. आजोबांची छातीवर रुळणारी लांब दोरी ही चष्मा हरवू नये म्हणून असते. खेळायला आणि गड चढायला हवा तो डोक्याला लगटून बसणारा आखूड, लवचीक पट्टा.

जाता जाता एक गंमत सांगतो. चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत निघाला, पण त्याला कानांवर बसणाऱ्या काड्या नव्हत्या. त्या आल्या अठराव्या शतकात. तोपर्यंत लोक चष्मा हातात धरीत, नाकावर चिमटवीत, नाही तर फितीने किंवा दोऱ्याने कानांना अडकवीत. म्हणजे चष्म्याची दोरी ही चष्म्याच्या काडीपेक्षा जुनी आहे!

आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. काडीवर दाब आणायचा, आणि तो टिकवायचा, कसा? त्यासाठी गाठ सोडून वेढ्यांकडे वळले पाहिजे. एक प्रयोग करा. एक गोल, गुळगुळीत पेन्सिल दोन टेबलांच्या कडांवर आडवी ठेवून चिकटपट्टीने पक्की करा. जाड सुती दोरा तिच्यावरून टाका आणि एका टोकाला प्रयोगशाळेतले दहा ग्रॅमचे वजन बांधा. दुसऱ्या टोकाला एक छोटी पिशवी बांधून तिच्यात हळूहळू वजने टाका. दोरा पेन्सिलीवरून नुसता गेला आहे, म्हणजे अर्धा वेढा झाला आहे. पिशवी साधारण पंचवीस ग्रॅमला घसरू लागेल. आता दोऱ्याला पेन्सिलीभोवती आणखी एक पूर्ण वेढा द्या. तेच दहा ग्रॅम आता सुमारे १७० ग्रॅम पेलतील. आणखी एक वेढा, आणि दहा ग्रॅमच्या वजनाने एक किलोहून अधिक भार अडवून धरलेला दिसेल. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, कारण मी घर्षणाचा गुणांक ०.३ धरला आहे. पण एक गोष्ट नक्की दिसेल. प्रत्येक वेढ्याने ताकदीत भर पडत नाही, तर ती पटीने वाढते. एका वेढ्याला सुमारे साडेसहा पट. अठराव्या शतकातील थोर गणिती लिओनार्ड ऑयलर याने या पटीचे सूत्र मांडले. धक्क्यावरचा एकटा माणूस खुंटाला चार वेढे देऊन भरलेली होडी रोखून धरतो, ती याच्याच जोरावर.

म्हणजे दोरा काडीभोवती दहा वेळा ताणून गुंडाळला, तर त्याच्या शेवटच्या टोकाला जवळजवळ काहीच बल सोसावे लागत नाही. ते टोक गाठीने बांधण्याची गरजच राहत नाही. नुसते वेढ्यांखाली दडपले तरी पुरते. आणि गाठ नको हे किती सोयीचे! कानामागची कातडी नाजूक असते. तिथे बाजरीच्या दाण्याएवढी गाठ आली तरी तासाभरात टोचू लागते.

वेढे सुटणार नाहीत हे ठरले. पण ते सगळेच्या सगळे काडीवरून घसरले तर? हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे गणितही वेगळे आहे. शिवताना आपण दोरा ओढतो तेवढा, म्हणजे साधारण दोनशे ग्रॅमभाराचा ताण ठेवून एक वेढा दिला, तर तो काडीला सभोवार मिळून २ × ३.१४ × २००, म्हणजे सुमारे साडेबाराशे ग्रॅमभाराने आवळतो. त्याला ०.३ ने गुणा. एका वेढ्याची पकड पावणेचारशे ग्रॅमभारांच्या आसपास आली. दहा वेढ्यांची पावणेचार किलो. नवा वेढा दिला की जुना थोडा सैल पडतो, म्हणून निम्मीच धरू. तरीही दोन किलोला थोडी कमी! राजगडावरचा हिसका एक किलोचाही नव्हता.

आता प्रत्यक्ष बांधू या. पाच-सहा मिलिमीटर रुंदीचे चपटे इलॅस्टिक आणि गोधडी शिवायचा जाड सुती दोरा घ्या. काडी कानामागे जिथे वळते त्याच्या पुढे, टोकापासून सुमारे एक सेंटिमीटर अलीकडची जागा निवडा. पुष्कळ काड्या टोकाशी थोड्या रुंद होतात. तो रुंदपणा आयता अडसर ठरतो. काडी पुसून तिच्यावरचे तेल आणि घाम काढा. इलॅस्टिकचे टोक काडीच्या बाहेरच्या अंगाला, भिंगाच्या दिशेने तोंड करून ठेवा. आतल्या अंगाला ठेवाल तर ते डोक्याला रुतेल. आता दोरा ताणून पाच वेढे द्या, एकाशेजारी एक, एकमेकांवर चढू न देता. मग इलॅस्टिकचे पुढे उरलेले टोक त्या वेढ्यांवरून मागे दुमडा आणि त्या दुमडीवरून आणखी पाच-सहा वेढे द्या. ही दुमड विसरू नका. तिच्याशिवाय वेढे काडीला घट्ट राहतील, पण इलॅस्टिक त्यांच्याखालून सरकून निघून येईल.

शेवटचे टोक दडपण्याची युक्ती क्रिकेटच्या बॅटची मूठ बांधणाऱ्यांना चांगली ठाऊक असते. शेवटचे पाच वेढे सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या दोऱ्याचा एक छोटा फास काडीवर आडवा ठेवा आणि वेढे त्याच्यावरून घ्या. वेढे झाले की मूळ दोऱ्याचे टोक त्या फासात ओवा आणि फासाची दोन्ही टोके ओढा. फास वेढ्यांखालून बाहेर येतो आणि दोऱ्याचे टोक आपल्याबरोबर ओढून आणतो. उरलेला दोरा कापून टाका. काडी शोधूनही गाठ सापडणार नाही.

गोंद लावण्याचा मोह आवरा. झटपट चिकटवणाऱ्या गोंदाच्या वाफेने भिंगावर पांढरा थर बसू शकतो, आणि नखांचा रंग काढण्याच्या द्रावात ॲसिटोन असेल तर काही प्लॅस्टिक फ्रेमी चक्क विरघळतात. काडीला भोक पाडणे तर नकोच. काडी पुढे नेमकी तिथेच मोडते. बाजारात सिलिकॉनचे तयार पट्टे मिळतात, तेही चांगले. त्यांचे अरुंद भोक ताणून काडीवर चढवले की तेच दाबाचे तत्त्व काम करते.

दोन्ही बाजू बांधून झाल्या की माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम उरते. पट्टा आता इतका पक्का झाला आहे की तो सुटणार नाही. मग तो झाडाच्या फांदीत, सायकलीच्या हँडलमध्ये किंवा कबड्डीत दुसऱ्याच्या बोटांत अडकला तर काय होईल? काडी मोडेल, किंवा मान ओढली जाईल. घरातल्या वीजजोडणीत वितळतार मुद्दाम कमजोर ठेवलेली असते, म्हणजे काही बिघडले तर ती जाते आणि घर वाचते. आपल्या पट्ट्यालाही अशी वितळतार हवी. इलॅस्टिक मानेमागे मधोमध कापा आणि दोन्ही टोके साध्या शिवणाच्या दोऱ्याच्या एका सैलशा टाक्याने जोडा. मग शाळेतला स्प्रिंगचा तराजू अडकवून ओढा. एक किलोला टाका टिकला पाहिजे आणि दोन किलोच्या आत तुटला पाहिजे. लवकर तुटला तर दोरा दुहेरी घ्या, तुटलाच नाही तर बारीक दोरा शोधा. मात्र मळणी यंत्र, पिठाच्या गिरणीचा पट्टा किंवा कारखान्यातले लेथ यांच्याजवळ जाताना या टाक्यावरही विसंबू नका. तिथे पट्टा काढूनच ठेवायचा.

पट्टा किती आवळायचा? डोक्यामागे पट्ट्याखालून एक बोट सहज जावे, एवढाच. जास्त आवळला तर भिंगे पापण्यांना टेकतात, नाकावर वळ उठतात आणि मूल दोन दिवसांत पट्टा फेकून देते.

क्लाइव्ह लॉइड याने १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्‌सवर चष्मा लावूनच शतक ठोकले, आणि फिरकी गोलंदाज दिलीप दोशी यांनीही चष्म्यासकट कसोटी क्रिकेट गाजवले. तेव्हा चष्मा आणि मैदान यांचे वैर नाही. पण पट्टा चष्म्याला वाचवतो, डोळ्याला नाही. उलट बांधलेल्या चष्म्यावर चेंडू आदळला तर चष्मा उडून जात नाही, तो चेहऱ्यावरच दाबला जातो. त्या वेळी भिंग काचेचे असेल तर फुटून डोळ्याला इजा होऊ शकते. क्रिकेट किंवा हॉकी खेळणाऱ्यांनी सहजी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटची भिंगेच बसवून घ्यावीत.

बांधून झाल्यावर चष्मा लावून पलंगाच्या कडेशी या, गादीवर ओणवे व्हा आणि डोके जोराने हलवा. मग चष्मा काढून हातात धरा आणि पट्टा दहा-बारा वेळा हिसडा. वेढे जागचे हलले असतील तर उकलून पुन्हा बांधा, या वेळी दोरा जरा जास्त ताणून. माझ्या सध्याच्या चष्म्यावरचे वेढे मी तिसऱ्या प्रयत्नात बसवले.