जर्मनीतील विद्यार्थ्यांचा शनिवार-रविवार

उच्च शिक्षणासाठी जर्मनीत जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या गेल्या दशकात झपाट्याने वाढली असून २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात ती सुमारे ४३ हजारांवर गेली, तेव्हा चीनला मागे टाकून भारतीयांचा गट तेथील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत मोठा ठरला. पुण्यातील मॅक्स म्यूलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट येथील जर्मनच्या वर्गांत दरवर्षी बसणारे अनेक विद्यार्थी याच वाटेने पुढे जातात. या प्रवासाची चर्चा मात्र प्रवेश, व्हिसा आणि नोकरी या तीन गोष्टींभोवतीच फिरते. आठवड्याच्या अखेरीस हे विद्यार्थी जे भटकतात त्याची छायाचित्रे घरी पोहोचतात आणि ती पाहून पालकांना ती चैन वाटते. प्रत्यक्षात या भटकंतीमागे कायदे, सार्वजनिक वाहतूक आणि स्वयंसेवी संस्था यांची शतकाहून अधिक काळ उभी राहिलेली व्यवस्था आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय तेथील विद्यार्थिजीवन पुरते कळत नाही.

प्रथम पैशांचा हिशेब पाहावा लागतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसले, तरी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर दर सत्राला १,५०० युरो आकारले आहेत. शिवाय व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडावे लागते. म्हणजे वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच बँकेत ठेवावी लागते आणि त्यातून दरमहा ठरावीक हप्ताच काढता येतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. खोलीचे भाडे, आरोग्यविमा आणि किराणा यांतच तिचा मोठा भाग संपतो, म्हणून अनेकजण कायद्याने मुभा दिलेले वर्षातील १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करतात, आणि उपाहारगृहे, गोदामे व दुकाने यांतील हे काम पुष्कळदा शनिवारीच असते. ज्याला डोंगरात जायचे आहे, त्याने हे सारे सांभाळून उरलेल्या वेळात आणि उरलेल्या पैशांत जायचे असते.

रविवारची गोष्ट निराळी आहे, कारण त्या दिवसाला राज्यघटनेचेच संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील रविवारच्या विश्रांतीविषयीचे कलम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन राज्यघटनेने जसेच्या तसे स्वीकारले, त्यामुळे रेल्वे स्थानकांतील दुकाने, पेट्रोल पंप आणि काही बेकऱ्या वगळता बाजार बंद असतो, घरात भिंतीला भोके पाडता येत नाहीत आणि काचेच्या रिकाम्या बाटल्या कचरापेटीत टाकण्यासही मनाई असते. रविवारी सकाळी भाजी घेण्याची सवय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला पहिले काही आठवडे हे जड जाते; विद्यापीठाची मेन्सा, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीचे स्वस्त भोजनालय, हीसुद्धा त्या दिवशी बहुधा बंदच असते. परंतु खरेदी नाही, वर्ग नाहीत आणि बहुतेकांना कामही नाही, असा दिवस सर्वांना एकाच वेळी मिळतो, म्हणूनच मित्रांना एकत्र बाहेर पडता येते.

बाहेर पडण्याचे साधन म्हणजे सेमिस्टर तिकीट. १९९१ मध्ये डार्मश्टाट येथे सुरू झालेल्या या पद्धतीत विद्यार्थ्यांची निवडून दिलेली संस्था वाहतूक मंडळाशी करार करते, प्रत्येक विद्यार्थी सत्राच्या वर्गणीतून त्याचा हिस्सा सक्तीने भरतो आणि सर्वांनी भरल्यामुळे प्रत्येकाचा हिस्सा लहान राहतो. जो कधीच प्रवास करत नाही त्याचे पैसे रोज प्रवास करणाऱ्याच्या उपयोगी पडतात, अशी ही एकमेकांचा भार वाहणारी रचना आहे. १९९५ मध्ये जर्मन रेल्वेने १५ मार्कांत पाच जणांना संपूर्ण शनिवार-रविवार देशभर फिरू देणारे खास तिकीट काढले. पुढे त्याची किंमत वाढत आणि सवलती आटत जाऊन २०१९ मध्ये ते बंद झाले, तरी विद्यार्थ्यांच्या एका पिढीने देश पाहिला तो त्यावरच. १ मे २०२३ पासून महिन्याला ४९ युरोंत देशभरातील बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारे ‘डॉइचलांड टिकेट’ आले आणि २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून ते विद्यार्थ्यांना ६० टक्के किमतीत, म्हणजे २९.४० युरोंत देण्याची सोय झाली. त्यानंतर दर वाढले आहेत. वेगवान गाड्यांना हे तिकीट चालत नाही, त्यामुळे पश्चिम सीमेवरच्या आखेनहून पूर्वेकडील ड्रेस्डेनला जाणाऱ्याचा जवळजवळ पूर्ण दिवस गाड्या बदलण्यात जातो. मात्र याच मर्यादेमुळे विद्यार्थी आपल्या शहराभोवतीचा प्रदेश बारकाईने पाहतात, आणि त्या दृष्टीने ती मर्यादा लाभाचीच म्हटली पाहिजे.

गाडीतून उतरल्यावर पुढचे काम पायांचे असते. जर्मनीतील पायवाटांवर झाडांच्या खोडांवर आणि दगडांवर ठरावीक आकाराच्या व रंगाच्या खुणा असतात आणि त्या रंगवण्याचे काम बव्हंशी पदभ्रमण मंडळांचे स्वयंसेवक करतात. यांतील सर्वांत जुने मंडळ ब्लॅक फॉरेस्टमध्ये १८६४ साली स्थापन झाले, त्याने १९०० मध्ये फोर्त्सहाइम ते बाझेल अशी सुमारे २८५ किलोमीटरची वाट आखली आणि तिची लाल समभुज चौकोनाची खूण आजही कायम आहे. सह्याद्रीत वाट सापडते ती गावातल्या माणसाला विचारून, गुरांच्या पायांनी मळलेल्या रेघेवरून किंवा आधी गेलेल्यांनी काढलेल्या बाणांवरून. त्या सवयीत वाढलेल्या मराठी ट्रेकरला ही आखीव व्यवस्था सुरुवातीला थोडी कोरडी वाटते. मात्र ज्याला अजून भाषा नीट येत नाही आणि सोबत कोणी जाणता नाही, अशा नवख्यालाही एकट्याने सुरक्षित जाता यावे, हा तिचा हेतू आहे आणि परक्या देशात आलेल्या विद्यार्थ्याला त्याची किंमत लवकर कळते.

मुक्कामाची सोय युथ हॉस्टेलने केली. रिशार्ट शिर्मान हे शिक्षक १९०९ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळात सापडले आणि सर्वांना एका शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत चालणाऱ्या मुलांना झोपू द्यावे, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. त्यातून आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी वसतिगृह सुरू झाले आणि हीच चळवळ पुढे भारतातही पोहोचली. हिमालयातील पहिला ट्रेक युथ हॉस्टेल संघटनेबरोबर केलेली माणसे महाराष्ट्रात असंख्य आहेत.

या साऱ्या सोयी एकत्र कशा येतात, हे आखेनमध्ये चांगले दिसते. तांत्रिक शिक्षणासाठी नावाजलेल्या या शहरातून बसने अल्पावधीत नेदरलँड्समधील फाल्स या गावी पोहोचता येते आणि त्यावरील ३२२ मीटर उंचीच्या टेकडीवर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तीन देशांच्या सीमा मिळतात. १९२० पर्यंत तेथे चौथी सीमाही होती, कारण जस्ताच्या खाणीच्या वादातून १८१६ मध्ये मोरेसने नावाचा चिमुकला तटस्थ प्रदेश निर्माण झाला होता. याच परिसरातून फेनबान हा १२५ किलोमीटरचा सायकलमार्ग लक्झेंबर्गमधील त्रुआव्हिएर्जपर्यंत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोळसा आणि लोखंड यांच्या वाहतुकीसाठी बांधलेल्या लोहमार्गाच्या जागेवर तो आखलेला असल्यामुळे चढ अगदी सौम्य आहेत आणि साध्या जुन्या सायकलवरही तो पार करता येतो. पहिल्या महायुद्धानंतर हा लोहमार्ग, त्याखालच्या जमिनीच्या पट्ट्यासह, बेल्जियमला देण्यात आला. त्यामुळे रुळांच्या पश्चिमेकडील काही जर्मन वस्त्या मुख्य भूमीपासून तुटून चहूबाजूंनी बेल्जियमने वेढल्या गेल्या आणि अशी पाच बेटे आजही नकाशावर आहेत. व्हर्सायच्या तहाचा एक परिणाम सायकलवरून पाहता येणे ही लहान गोष्ट नव्हे. इतिहासाच्या वर्गात न बसणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही तो येथे दिसतो. जवळच होहेस फेन हे दलदलीचे पठार आहे, तेथे लाकडी फळ्यांच्या वाटांवरून चालावे लागते आणि कोरड्या हवेत वणव्याचा धोका असला की लाल निशाण लावून भाग बंद केला जातो. पठारावरील बोत्रांज हे ६९४ मीटरचे ठिकाण बेल्जियममधील सर्वोच्च असून लोकांना ७०० मीटर गाठता यावे म्हणून १९२३ मध्ये तेथे मातीचा उंचवटा करून त्यावर पायऱ्या बांधण्यात आल्या.

हे सीमोल्लंघन शेंगेन करारामुळे सोपे झाले आहे. जर्मनीचा निवासपरवाना असलेल्या भारतीय विद्यार्थ्याला इतर शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाविना राहता येते. सप्टेंबर २०२४ पासून मात्र जर्मनीने सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आहे, म्हणून परवान्याबरोबर मूळ पासपोर्टही जवळ ठेवणे आवश्यक आहे.

ड्रेस्डेनचे विद्यार्थी एल्ब नदीच्या काठाने जाणाऱ्या लोकल गाडीने सॅक्सन स्वित्झर्लंड या जर्मनीतीलच डोंगराळ भागातल्या वालुकाश्माच्या सुळक्यांकडे जातात. तेथील प्रस्तरारोहणाची परंपरा १८६४ पासून मोजली जाते आणि तिचे नियम कडक आहेत: भेगांत धातूच्या पाचरी बसवायच्या नाहीत, हाताला चॉक पावडर लावायची नाही आणि खडक ओला असताना चढायचेच नाही, कारण भिजलेला वालुकाश्म ठिसूळ होतो. सह्याद्रीच्या बसाल्टवर हात बसलेल्याला येथे दोराच्या गाठी भेगेत अडकवून आधार घेणे नव्याने शिकावे लागते.

हे चित्र बाराही महिने असे नसते. डिसेंबरात साडेचारच्या आतबाहेर अंधार पडतो, फेब्रुवारी आणि जुलैच्या सुमारास परीक्षा एकवटतात आणि अनेक अभ्यासक्रमांत एका विषयात तीनदा अनुत्तीर्ण झालेल्याला तो अभ्यासक्रम सोडावा लागतो, म्हणून त्या आठवड्यांत ग्रंथालये रविवारीही भरलेली असतात. आणखी एक अडचण अधिक खोल आहे. मराठी मुले मराठी मुलांबरोबरच फिरली, तर घराची आठवण हलकी होते. पण इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमात शिकणाऱ्यांचे जर्मन बाजारापुरतेच राहते आणि नोकरी शोधताना हे उणेपण जाणवते. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या सहली आणि गावोगावची पदभ्रमण मंडळे हा त्यावरचा चांगला उपाय आहे. निवृत्त माणसांबरोबर पाच तास चालताना भाषा जितकी बोलली जाते, तितकी वर्गात बोलायला मिळत नाही. या मंडळांना तरुण सदस्य कमी पडत आहेत आणि सदस्यत्वासाठी नागरिकत्वाची अट नसते, तेव्हा वाटांवर चालणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनी खुणा रंगवण्याच्या कामातही हात लावावा, अशी अपेक्षा करणे मुळीच अवाजवी नाही.