यमक : शब्दाचा अर्थ आणि शब्दाचे काम

सभेत एखाद्या कामगाराने स्वतः रचलेल्या चार ओळी म्हटल्या की मागून कुणी शिकलेला गृहस्थ हळूच म्हणतो, "यमक जुळवले आहे, झाले!" 'टला ट जोडणे' हा वाक्प्रचारही त्याच सुरातला. यमक म्हणजे कवित्वाचे सोंग, असा समज त्यामागे असतो. तेव्हा या शब्दाचा मूळ अर्थ काय, त्याचे भाऊबंद कोण आणि त्याच्याकडून कोणते काम घेता येते, हे एकदा नीट पाहावे असे आम्हांस वाटते.

'यमक' हा शब्द 'यम' या शब्दापासून झाला. येथे यम म्हणजे मृत्यूची देवता नव्हे, तर जुळे भावंड. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. म्हणजे घराणे जुने आहे. पण संस्कृतातले यमक आजच्या यमकाहून निराळे. तीच अक्षरे त्याच क्रमाने पुन्हा यावीत, मात्र अर्थ बदलावा, ही त्याची अट. 'कर भरण्यासाठी कर राबतात' या आमच्या साध्या वाक्यात पहिला कर सरकारचा आणि दुसरा कर म्हणजे हात. हे जुन्या अर्थाचे यमक. ते ओळीच्या शेवटीच यावे असे बंधन नव्हते.

ओळीअखेरच्या जुळणीची संस्कृत श्लोकाला गरज भासली नाही. त्याचे वृत्तच भक्कम होते. ही जुळणी रुळली ती अपभ्रंश भाषांतल्या काव्यात, आणि तेथून आपल्या देशी भाषांकडे आली. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त तिला 'अंत्यानुप्रास' म्हटले आहे. मराठीत आपण नुसते 'यमक' म्हणतो, तेव्हा बहुधा 'अंत्ययमक' म्हणावयाचे असते. वामन पंडितांना मात्र या कलेचा इतका सोस होता, की लोकांनी त्यांना 'यमक्या वामन' असेच नाव दिले.

आता भाऊबंद पाहू. एकच व्यंजन जवळजवळ पुन्हा पुन्हा आले की तो अनुप्रास. आपल्या दक्षिणेला हद्द ओलांडली की कानडीत 'प्रास' भेटतो. जुन्या कानडी काव्यात प्रत्येक चरणाचे दुसरे अक्षर जुळवीत, म्हणजे जुळणी शेवटी नव्हे, आरंभी. हिंदीत 'तुक' आहे, आणि ज्याला तुक नाही ते 'बेतुके', म्हणजे विसंगत. उर्दू-फारसीत 'काफिया' आणि 'रदीफ' अशी जोडी आहे. रदीफ म्हणजे अखेरीस जसाच्या तसा येणारा शब्द आणि काफिया म्हणजे त्याच्या आधीची जुळणी. हे समजण्यास गझलच हवी असे नाही. 'कोण म्हणतो देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही' ही घोषणा घ्या. 'नाही' हा रदीफ. 'देणार–राहणार' हा काफिया. नुसत्या प्रत्ययाची जुळणी कच्ची, असे कडक उस्ताद म्हणतील. पण रस्त्यावर ती पक्की ठरली आहे. मराठीत या फारसी रचनेचा पाया घालणारे माधव जूलियन आपल्या कोल्हापुरात राजाराम कॉलेजात मराठी शिकवीत होते. त्यांची 'गज्जलांजलि' 1933 साली निघाली, आणि त्यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ मराठी छंदःशास्त्राचा आधार मानला जातो.

यमकाचा न्यायाधीश कान, डोळा नव्हे. शेवटचा उच्चारलेला स्वर आणि त्यापुढचे व्यंजन जुळले पाहिजे. काम, दाम, घाम जुळतात. 'घर' आणि 'वार' दोन्ही 'र'कारान्त असूनही जुळत नाहीत, कारण स्वर निराळा. उलट 'दिन' आणि 'हीन' यांत लिहिताना ऱ्हस्वदीर्घाचा भेद आहे, तरी मराठी तोंडात दोन्ही सारखेच वाजतात.

आता उपयोग. पहिला उपयोग स्मरणाचा. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायांपाशी कागद नव्हता. यमक हीच त्यांची वही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात. त्यांत दुसरा व तिसरा चरण जुळतो आणि चौथा आखूड चरण अर्थ ठोकून बसवतो. 'बळी तो कान पिळी', 'गाव करी ते राव न करी' या म्हणी जुळणीच्या खुंटीवर टिकल्या. आपले रोजचे बोलणेही यमकावाचून चालत नाही : देवघेव, मोडतोड.

पण जे चटकन लक्षात राहते ते चटकन फसवूही शकते. बदली कामगारांना कायम करा आणि पगार वाढवा, अशा दोन मागण्या आहेत असे धरा. पगाराची घोषणा सहज जुळते. बदलीवाल्यांची जुळत नाही. मोर्चात मग तीन दिवस जुळलेलीच गाजते. वाटाघाटीच्या टेबलावर मालक गाजलेल्या मागणीवर थोडे देतो आणि न गाजलेली गिळून टाकतो. असे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. ज्याच्या मागणीला यमक मिळाले नाही, तो माणूस कारखान्याच्या दाराबाहेरच राहिला. म्हणून आमचा शिरस्ता असा : मागणी आधी साध्या गद्यात लिहावी, सर्वांना वाचून दाखवावी, आणि मग तिच्यासाठी यमक शोधावे. शोधले की सापडते. 'घड्याळाचा लावता नियम, तर कामगार करा कायम!' यात शब्द मागणीच्या मागे चालला आहे. मागणी शब्दाच्या मागे फरफटलेली नाही.

यमकावाचूनही काव्य होते, हे सांगण्यास पंडित नकोत. गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्व्यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह 1966 साली निघाला. त्यांच्या मुक्त रचनेने कामगाराचे जिणे मराठीत ठामपणे मांडले. शाहिराला मात्र हजारोंच्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत ओळ पोचवायची असते, आणि तिथे यमकाला पर्याय नाही.

तेव्हा 'यमक जुळवले' असे कुणी हिणवून म्हटले, तर एवढेच विचारावे : जुळवलेल्या दोन शब्दांमागे अर्थही जुळला आहे का? जुळला असेल तर तो रचणारा कवी, मग त्याच्या हाताला यंत्राचे तेल लागलेले का असेना.