बत्तीस फुटांचा हिशोब

बेळगावच्या वडगावातल्या एखाद्या घरात कपाटाचं काम निघालं की पहिला बराच वेळ करवत चालतच नाही. प्लायची शीट दोन घोड्यांवर आडवी टाकलेली असते, मिस्त्रीच्या कानामागे पेन्सिल असते आणि तो शीटकडे नुसता बघत उभा असतो. मधेच गुण्या लावून रेघ ओढतो, ती खोडतो, दुसऱ्या कडेने पुन्हा मापं घेतो. शेजारच्या घरातून यंत्रमागाचा आवाज येत असतो. तिथे धोटा हलला की काम दिसतं, इथे मात्र काहीच हलत नाही, आणि घरच्यांना वाटतं की वेळ फुकट चाललाय. का थांबलात, असं विचारलं तर उत्तर येतं, "सगळं बत्तीसात बसवायला पाहिजे बघा." शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे ३२ चौरस फूट. घरात बनवून घ्यायच्या कपाटाचा खरा खर्च या आकड्यापाशी ठरतो. गिऱ्हाइकाला मात्र भाव सांगितला जातो तो भलत्याच मापाने, आणि गिऱ्हाइकाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ते माप म्हणजे कपाटाचा दर्शनी भाग. रुंदी गुणिले उंची, त्यावर चौरस फुटाचा दर. सहा फूट रुंद आणि सात फूट उंच कपाट म्हणजे ४२ चौरस फूट. दर मालासकट दीड हजार रुपये धरला, तर ६३,००० रुपये. आता हेच कपाट छतापर्यंत नेऊन आठ फूट उंच करा, वर माळ्यासारखा एक खण काढा. क्षेत्रफळ ४८ होतं, रक्कम ७२,०००. वरच्या ९,००० रुपयांत लाकूड किती वाढलं? दोन फूट खोलीच्या कपाटाला एका शीटमधून दोन फूट रुंदीच्या दोनच पट्ट्या निघतात. सात फुटी कपाटाला दोन बाजू आणि मधला उभा पडदा मिळून तीन पट्ट्या, वरचा-खालचा तक्ता धरून दोन, आणि तीन फुटी आठ फळ्यांना चार, कारण आठ फुटी पट्टीतून फळ्या दोनच निघतात. नऊ पट्ट्या म्हणजे साडेचार शीट. दीड फुटी चार दारांना आणखी दोन. एकूण साडेसहा, आणि अर्धी शीट कोणी विकत नसल्यामुळे सात. आठ फुटी कपाटात उभ्या पट्ट्या पूर्ण लांबीच्या वापरल्या जातात, माळ्याची छोटी दारं मोठ्या दारांच्या वर उरलेल्या फुटातूनच निघतात, फक्त माळ्याच्या तक्त्याला एक पट्टी जास्त लागते. एकूण सात. पाठीच्या पातळ प्लायचाही हिशोब दोन्ही कपाटांना तोच. बिजागऱ्या थोड्या वाढतात, सनमायका आणि मजुरी थोडी वाढते, पण मुख्य माल होता तेवढाच राहतो. जो फूट कापून टाकायचा होता, त्याचेच पैसे गिऱ्हाईक वर मोजतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. दर्शनी माप तेच ठेवून आतल्या फळ्या आठाच्या जागी चार केल्या, ड्रॉवर काढून टाकले, तर बाहेरून कपाट जसंच्या तसं दिसतं, बिल तेवढंच येतं, आणि आतून एक शीट वाचलेली असते. कोणी लबाडी केलीच पाहिजे असं नाही. ज्या मापात आतलं काहीच मोजलं जात नाही, त्या मापाने प्रामाणिक माणसाचाही हिशोब चुकतो. खूप खण देणारा मिस्त्री आणि मोजके खण देणारा मिस्त्री एकाच दराने उभे राहतात, आणि घासाघीस झाली की पहिला हरतो.

वडगाव, खासबाग, शहापूर हा बेळगावचा विणकरांचा पट्टा. इथल्या जुन्या घरात मागाने जागा व्यापलेली, माणसांना उरलेली जागा अरुंद, आणि घरात साड्यांच्या घड्या. अशा घरात कपाट दोन फूट खोल कशाला हवं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. हँगरला तेवढी खोली लागते हे खरं. हँगर साधारण दीड फूट रुंद असतो आणि त्यावरच्या कपड्याला दोन्हीकडे मोकळीक हवी. घडी घातलेल्या साडीला मात्र सव्वा फूट पुरतो. इथे बत्तीसाचं गणित पुन्हा मधे येतं. खोली दीड फूट केली तर चार फुटी शीटमधून पट्ट्या दोनच निघतात आणि फूटभर रुंदीची लांब पट्टी बाजूला पडते, म्हणजे जागा वाचली तरी पैसा वाचला नाही. खोली करवतीची जाडी सोडून पावणेसोळा इंचांवर आणली की एका शीटमधून तीन पट्ट्या निघतात. वर मांडलेल्या सात फुटी कपाटाच्या नऊ पट्ट्या मग तीन शीटमध्ये बसतात, दारं धरून पाच. सातच्या जागी पाच, आणि चालायला आठ इंच मोकळे. चार-दोन शर्ट टांगायचेच असतील, तर अशा उथळ कपाटात पुढे ओढता येणारा रॉड बसतो. दार उघडायला पुढे जागाच नसेल तर सरकतं दार करावं लागतं. त्याच्या रुळाला तीन-चार इंच खोली द्यावी लागते, एका वेळी अर्धंच कपाट उघडतं आणि खर्चही चढतो. अरुंद घरात तो खर्च समजण्यासारखा आहे, ऐसपैस खोलीत फक्त दिसण्यासाठी करणं मला पटत नाही.

यावर आक्षेप येतो की गिऱ्हाइकाने इतकं शिकायचं कशाला. चौरस फुटाचा दर सोपा आहे, तीन ठिकाणी विचारून तुलना करता येते, आणि शीटचा हिशोब मागितला तरी मिस्त्री एखादी जास्त सांगणारच. आक्षेप पोकळ नाही. पण तुलना होते कशाची? एकाच्या दरात आतून सनमायका असतो, दुसऱ्याच्या दरात रंग. एकाचा प्लाय सहा सुती, दुसऱ्याची पाठ दोन सुताऐवजी नुसत्या हार्डबोर्डची. आकडे शेजारी ठेवता येतात, कपाटं ठेवता येत नाहीत. शीट किती, कोणत्या दर्जाच्या, फळ्या किती, ड्रॉवर किती, बिजागऱ्या किती, एवढं एका कागदावर लिहून घेतलं तर एखादी शीट जास्त सांगितली तरी ती दिसते. उरली तर घरात राहते. माल आपण बिलासह आणावा आणि मजुरी उक्ती ठरवावी, असं माझं म्हणणं आहे. रोजावर काम दिलं की लांबतं, मालासकट चौरस फुटावर दिलं की आतून आटतं.

माल आणताना बेळगावचा पाऊस विसरून चालणार नाही. वडगावच्या मंगाईदेवीच्या यात्रेच्या पावसाळी दिवसांत भिंती ओल धरतात आणि भिंतीला टेकलेलं लाकूड ती ओल पितं. बाजारात ज्याला कमर्शियल म्हणतात तो प्लाय युरियाच्या डिंकाने जोडलेला असतो. त्याची हलकी शीट कापली की डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो, तो त्या डिंकातल्या फॉर्मल्डिहाइडचा; कपाट बंद राहिलं की तो आत कपड्यांत साठतो. आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय फिनॉलच्या डिंकाचा, ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेला. सगळं कपाट त्याचं करायची गरज नसते. खालचा तक्ता, पाय आणि ओलसर भिंतीकडची बाजू मरीनची, बाकी आयएस ३०३चा प्लाय, अशी वाटणी शहाणपणाची आहे. अशी वाटणीही चौरस फुटाच्या दरात बसत नाही, ती शीट मोजली तरच करता येते. दाराला सनमायका फक्त बाहेरून लावून पैसे वाचवण्याचा मोह टाळावा. एक बाजू उघडी राहिली की तीच ओल घेते आणि सात फुटी दार धनुष्यासारखं वाकतं. पार्टिकल बोर्ड स्वस्त आहे, गुळगुळीत आहे, पण त्याच्या कडेला पाणी लागलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही, आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात घट्ट धरत नाही.

कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या मॉड्युलर कपाटांबद्दल दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. मशीनने चिकटवलेली कडेची पट्टी हाताने लावलेल्या पट्टीपेक्षा चांगली टिकते, आणि घरात आठवडाभर भुसा उडत नाही. दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल घरात असेल तर एवढ्यावरच निर्णय होऊ शकतो. पण तिथल्या दरावर १८ टक्के जीएसटी येतो, म्हणजे वरचे ६३,००० थेट ७४,३४० होतात. हा कर आधीच्या आकड्यात धरला होता का, हे पहिल्याच भेटीत विचारावं. प्लायच्या बिलातही कर असतोच, पण वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या, नोंदणी नसलेल्या मिस्त्रीच्या मजुरीवर तो लागत नाही. शिवाय कारखान्यात अनेक घरांचे तुकडे एकाच वेळी शीटवर मांडले जातात, एकाची उरलेली पट्टी दुसऱ्याची फळी होते. मिस्त्री पेन्सिल घेऊन जे करत उभा असतो तेच काम तिथे संगणक करतो आणि जास्त चांगलं करतो. मात्र त्यातून वाचलेली शीट गिऱ्हाइकाच्या बिलात दिसत नाही, कारण बिल दर्शनी मापाचं असतं. वडगावातल्या जुन्या भिंती ओळंब्यातही नसतात. वर आणि खाली चार-पाच सुतांचा फरक सहज निघतो. काटकोनात आलेलं कपाट तिथे उभं केलं की बाजूला फट राहते आणि ती पट्टी ठोकून झाकावी लागते. घरातच काम करणारा मिस्त्री भिंतीचा बाक फळीवर उतरवून घेतो आणि रंध्याने तेवढंच तासतो. या कामाचे पैसे कोणत्याच दरपत्रकात लिहिलेले नसतात, आणि मजुरीत घासाघीस करताना गिऱ्हाईक नेमकं तेच कापतं.

राहिलं लोखंडी कपाट. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून लग्नाच्या रुखवतापासून दागिन्यांच्या तिजोरीपर्यंत त्याने घराघरात जागा मिळवली आहे. ओलीने ते फुगत नाही, वाळवी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे टेम्पोत घालून नेता येतं. भिंतीच्या मापाने ठोकलेलं प्लायचं कपाट काढताना निम्मं मोडतं, आणि दुसऱ्या घराची भिंत वेगळ्या मापाची असते. म्हणून भाड्याच्या घरात राहणाऱ्याने, किंवा मुलाच्या नोकरीपायी चार-पाच वर्षांत पुण्याला जायचा विचार असणाऱ्याने, प्लायच्या फंदात पडू नये. ज्याची भिंत स्वतःची आहे त्याने मिस्त्रीला बोलवावं, शीट आणण्याआधी कागदावर पट्ट्या मांडायला लावाव्यात, आणि तो बत्तीसाचा विचार करत उभा राहिला की घाई करू नये.