शांकरभाष्याचे व्रतस्थ अध्येते : फादर डी स्मेट

नवरात्रात कोराडीच्या श्रीजगदंबेच्या दर्शनास दूरदूरची माणसे येतात. त्यांच्यापुढे कीर्तनास उभे राहिलो की एक गोष्ट नित्य उमगते, श्रवणावाचून ज्ञान नाही. विजयादशमीस घरोघरी पाटीवर सरस्वती रेखून ग्रंथांचे पूजन होईल. त्या निमित्ताने, आमच्या आचार्यांचे ग्रंथ ज्यांनी जन्मभर अभ्यासले, अशा एका ख्रिस्ती धर्मगुरूंचे आम्ही स्मरण करीत आहोत. त्यांचे नाव फादर रिचर्ड डी स्मेट.

त्यांचा जन्म १९१६ सालचा, बेल्जियममधील. जेझुइट संघात प्रविष्ट होऊन ते १९४६ साली भारतात आले व संस्कृताच्या अध्ययनास लागले. १९५० साली कलकत्त्यास भारतीय तत्त्वज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले. तेथे डॉ. राधाकृष्णन यांनी श्रीशंकराचार्यांना शुद्ध बुद्धिवादी तत्त्वज्ञ म्हणून मांडले. श्रोत्यांत बसलेल्या या तरुण धर्मगुरूस ते पटेना. आचार्य हे प्रथम श्रुतीचे भाष्यकार. त्यांचा तर्क कितीही तीक्ष्ण असला तरी तो श्रुतीच्या सेवेत आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी भाष्ये मुळातून तपासली आणि १९५३ साली रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठास याच विषयावर प्रबंध सादर केला. हा प्रबंध दीर्घकाळ चक्रमुद्रित प्रतींतूनच अभ्यासकांच्या हाती फिरत राहिला.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. तरुणपणी शिकलेल्या श्रोत्यांवर छाप पडावी म्हणून आम्हीही आचार्यांना युरोपीय पंडितांच्या तोडीचे तर्कपटू म्हणून मिरवीत असू आणि श्रुतीचा उल्लेख ओझरता करून पुढे जात असू. त्यात संकोच वाटावा असे काही नाही, हे आम्हांस एका युरोपीय धर्मगुरूच्या लेखनाने शिकविले! त्यांना हे दिसले याचे कारण उघड आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेत ते वाढले होते, आणि तेथेही श्रद्धेने स्वीकारलेल्या वचनाचा अर्थ बुद्धीने उलगडावयाचा असतो.

शब्दांच्या पलीकडील ब्रह्म शब्दांनी कसे सांगावे, हा त्यांच्या चिंतनाचा गाभा. त्याचे उत्तर त्यांना आचार्यांच्या तैत्तिरीयभाष्यातील लक्षणाविचारात सापडले. आमच्या गावचा मनुष्य ‘घर तलावावर आहे’ असे म्हणतो, तेव्हा घर पाण्यात नसते, काठावर असते. ऐकणारा ते बरोबर जाणतो. तद्वत् उपनिषदांतील शब्द आपला रोजचा संकुचित अर्थ टाकून परमार्थाकडे बोट दाखवितात. अक्वायनस यांच्या विचारातही याला जवळचा मार्ग आहे, हे फादरांनी साधार दाखविले.

पुढे पुण्याच्या जेझुइट विद्यापीठात त्यांनी कित्येक वर्षे तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले. हिंदुधर्माचा परिचय करून देणारा ‘रिलिजस हिंदुइझम’ हा ग्रंथ त्यांनी फादर नॉयनर यांच्यासह संपादिला. १९७४ साली पूर्ण झालेल्या, दे. द. वाडेकर संपादित ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’तही त्यांच्या नोंदी आहेत.

त्यांचे सारेच आम्हांस मान्य आहे असे नाही. मायावाद म्हणजे जग निव्वळ भ्रम, हा अर्थ आचार्यांवर लादू नये, हे त्यांचे म्हणणे विचार करावयास लावते. परंतु निर्गुण ब्रह्मासही एका अर्थी ‘व्यक्ती’ म्हणता येईल, हे त्यांचे मत आम्हां अद्वैत्यांच्या पचनी पडत नाही. मात्र असा मतभेद करण्यापूर्वी त्यांनी प्रतिपक्षाचे ग्रंथ प्रतिपक्षाच्याच भाषेत वाचले होते. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्यावाचून सिद्धान्ताचा अधिकार नाही, ही तर आपलीच जुनी शिस्त! आज ती पाळणारे किती?

१९९७ साली ब्रुसेल्स येथे फादर निवर्तले. आपला धर्म न सोडता दुसऱ्याच्या ग्रंथापुढे विद्यार्थी होऊन बसणे त्यांना साधले. दसऱ्यास ग्रंथांवर फुले वाहताना, त्यांपैकी एखादा तरी उघडून वाचण्याची बुद्धी माता जगदंबा आपणां सर्वांस देवो.