धुराची वाट आणि पोलादाची पारख

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात, जेथे एरवी रासायनिक कारखान्यांच्या टाक्या, नळ्या आणि जिन्यांचे कठडे जोडण्याचे काम चालते, तेथे गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी बदलापूरचा एक परिचित तरुण आपल्या जुन्या होंडा सिटीचा तडकलेला हेडर गोणपाटात गुंडाळून घेऊन आला, तेव्हा मी तेथेच बसलो होतो. हेडर म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरातून निघणारा जळका वायू स्वतंत्र नळीने बाहेर आणून पुढे एका मुखात एकत्र करणारा नळ्यांचा जुडगा. गाडी कारखान्यातून येते तेव्हा या जागी पुष्कळदा बिडाचा ओतीव मॅनिफोल्ड असतो. तरुणाने गोणपाट सोडले, खिशातून लोहचुंबक काढले, ते नळीच्या वळणाला लावले आणि ते तेथे किंचित चिकटताच मोठ्या खेदाने म्हणाला, "बघा मामा, मला फसवलं. हे एसएस नाहीच."

गाळ्यातल्या कारागिराने हेडर हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि म्हटले, "चुंबकाचं ऐकू नको. आधी तडा कुठं गेलाय ते बघ."

त्या दुपारी तरुणाच्या तोंडून जे समज ऐकू आले ते त्याच्या एकट्याचे नव्हेत. काटई रस्त्यावर वेगाची हौस असलेल्या कोणत्याही टोळक्यात ते ऐकू येतात, आणि त्यांच्यापायी तरुणांच्या कष्टाचा पैसा वाया जातो, म्हणून त्यांची शहानिशा सविस्तर करावीशी वाटते.

प्रथम चुंबकाची गोष्ट. ज्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्यामुळे ज्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे, खरवडले तरी हवेच्या संपर्काने पुन्हा आपोआप धरणारे ऑक्साइडचे कवच असते, त्याला स्टेनलेस, बोलीत एसएस, म्हणतात. चुंबकाला न चिकटणे ही त्याच्या व्याख्येतली अटच नव्हे. आपल्या स्वयंपाकघरातील भांड्यांमुळे ओळखीचे झालेले ३०४ जातीचे पोलाद, ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ते मुळात चुंबकाला दाद देत नाही हे खरे. परंतु तीच नळी थंड स्थितीत वाकवली की वळणाच्या जागी तिच्या अंतर्रचनेत फेरफार होतो आणि तेथे चुंबक हलकेच धरू लागतो. म्हणजे तरुणाला ज्यात फसवणुकीचा पुरावा दिसला, ती वाकवलेल्या अस्सल मालाची स्वाभाविक खूण होती. उलट २०२ नावाचे जे पोलाद बाजारात विपुल मिळते, ज्यात महाग निकेलाची मात्रा निम्म्याच्या आसपास आणून तिची भरपाई मँगेनीजने केलेली असते, तेही चुंबकाला चिकटत नाही. तेव्हा ३०४ च्या दामात २०२ गळ्यात मारले गेले तर चुंबक त्याची इतल्ला देणार नाही. आणि ४०९ जातीचे, जेमतेम ११ टक्के क्रोमियमचे पोलाद, जे जगभरच्या मोटार कारखानदारांनी धुराच्या नळ्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले, ते चुंबकाला सपशेल चिकटते आणि तरीही निःसंशय स्टेनलेस आहे. खऱ्या पारखेचे मार्ग दोनच: नळी गिरगावच्या सी. पी. टँकच्या बाजारातून आणली असो वा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून, तिच्यावरील हीट नंबराशी, म्हणजे ओतीच्या क्रमांकाशी, जुळणारे कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट मागणे, किंवा क्ष-किरणांनी धातूचे घटक सांगणाऱ्या हातातल्या यंत्राने तिची तपासणी करून घेणे. रासायनिक वसाहतीतल्या बऱ्या गाळ्यांना ही तपासणी नवीन नाही, कारण तेथे चुकीच्या जातीची नळी बसली तर आम्ल गळते.

येथे एक आठवण नोंदविण्याचा मोह आवरत नाही. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली याला गंजरोधक क्रोमियम पोलाद गवसले, ते बंदुकीच्या नळ्यांची झीज कशी रोखावी या शोधात. आणि अमेरिकेत ज्या एल्वुड हेन्झने स्टेनलेस पोलादावर स्वतंत्रपणे काम करून १९१९ साली पेटंट मिळविले, तो त्या देशातल्या अगदी आरंभीच्या मोटारकर्त्यांपैकी एक होता. तप्त वायू पुन्हापुन्हा वाहिल्याने धातूच्या नळीचे काय होते हा प्रश्न बंदुकीलाही आहे आणि मोटारीलाही. १९५३ पासून आयुधनिर्माणी वागवणाऱ्या अंबरनाथात तो कोणाला परका वाटू नये.

दुसरा समज गंजाचा. "दोन महिन्यांत तांबूस डाग पडले, म्हणजे माल खोटा," असा निवाडा लगेच दिला जातो. परंतु ज्या गाळ्यात सकाळी लोखंडी फाटकाची जाळी घासली त्याच ग्राइंडिंग व्हीलने आणि त्याच तारेच्या ब्रशाने दुपारी स्टेनलेसची नळी घासली, तर साध्या लोखंडाचे कण नळीच्या अंगात रुततात आणि बदलापूरच्या चार महिन्यांच्या ओलीत गंजतात ते ते कण. दोष पोलादाचा नसून शिस्तीचा असतो. म्हणून हेडर करवून घेणाऱ्याने गाळ्यात शिरताच दराची चौकशी करण्याऐवजी स्टेनलेससाठी वेगळी चाके आणि स्टेनलेस तारेचे वेगळे ब्रश ठेवले आहेत की नाहीत ते पाहावे. त्या कारागिराकडे ते एका पत्र्याच्या पेटीत कुलुपात होते, आणि मला त्याच्याविषयीचा आदर तेथेच वाटू लागला.

आता तडा. तो जोडाच्या शिवणीवर नव्हता. शिवणीला अगदी लागून, केसाएवढ्या अंतरावर, नळीला अर्धा वळसा घालून गेला होता. "आमचं वेल्डिंग सुटलं" हे तरुणाचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरले. ३०४ पोलाद साध्या पोलादापेक्षा उष्णतेने अधिक प्रसरण पावते; दर अंशाला साधे पोलाद मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर वाढते तर ३०४ सुमारे १७. सत्तर सेंटिमीटरची नळी सहाशे अंशांनी तापली की ती सात मिलिमीटरांच्या वर लांबते, आणि चारही नळ्या एकाच क्षणी सारख्या तापत नसल्यामुळे प्रत्येक नळी शेजारणीला ढकलत असते. त्यातच आडव्या इंजिनाच्या गाडीत प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन आपल्या रबरी आधारांवर पुढेमागे डोलते. ही हालचाल गिळण्यासाठी कारखान्याने धुराच्या नळीत जाळीचा लवचिक जोड बसविलेला असतो. पूर्वी कोणीतरी वाट मोकळी करण्याच्या नावाखाली तो कापून तेथे सरळ नळी जोडली होती. डोलण्याचा सारा भार मग हेडरच्या शिवणीलगतच्या, वेल्डिंगच्या उष्णतेने आधीच दुबळ्या झालेल्या पट्ट्यावर आला, आणि तो तडकला. अस्सल ३०४ ऐवजी सोन्याची नळी असती तरी हेच घडले असते.

शिवणीच्या आतली बाजूही पाहण्यासारखी होती. कारागिराने तड्यातून टॉर्च मारून दाखविले, तर बाहेरून माशाच्या खवल्यांसारखी देखणी असलेली शिवण आतून जळालेल्या साखरेसारखी काळी व खरखरीत होती. आर्गन वेल्डिंग करताना बाहेरच्या बाजूला वायूचे संरक्षण मिळते, पण नळीच्या आत हवाच असेल तर वितळलेल्या धातूची पाठ ऑक्सिजनने जळते; म्हणून नळीची तोंडे बंद करून आतही आर्गन सोडावा लागतो. वायूला पैसे पडतात, वेळ जातो, आणि गिऱ्हाईक आत डोकावत नाही, म्हणून हे काम टाळले जाते. हेडर विकत घेताना बाहेरच्या चकाकीला भुलण्यापूर्वी इंजिनाला बसणाऱ्या फ्लँजच्या तोंडातून आत बोट फिरवावे. बोटाला कचकच लागली तर तो हेडर परत द्यावा. फ्लँजच्या सपाटपणाचीही तीच कथा. वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकतो, तेव्हा सारे जोडून झाल्यावर त्याचे तोंड यंत्रावर पुन्हा सपाट करून घेतले नसेल तर कितीही उत्तम गॅस्केट घाला, धूर फुसफुसतच राहणार.

३०४ घ्यावे की ३२१? रोज कामावर नेण्याच्या, टर्बो नसलेल्या गाडीला ३०४ किंवा त्याचाच कमी कर्ब असलेला ३०४एल पुरेसा आहे. सुमारे ४२५ ते ८६० अंशांच्या दरम्यान ३०४ मधील कर्ब क्रोमियमला ओढून कणांच्या सीमांवर जमा होतो आणि तेथले गंजरोधक बळ घटते. ३२१ मध्ये टायटॅनियम घातलेले असते, ते कर्बाला आधीच बांधून ठेवते. टर्बोच्या आधीच्या नळ्या किंवा तासन्‌तास पूर्ण जोराने चालणारी शर्यतीची गाडी असेल तर ३२१ चा वाढीव खर्च सार्थ आहे. एरवी तोच पैसा १६ गेजची जाड नळी, लवचिक जोड आणि आतल्या आर्गनवर लावावा.

सर्वांत खोलवर रुजलेला समज मात्र फ्री-फ्लोचा, म्हणजे धुराची वाट मोकळी करण्याचा, आहे, आणि त्याची दोन परस्परविरोधी रूपे एकाच तोंडून निघतात: एकीकडे "नळी जितकी मोठी तितकी ताकद जास्त," आणि दुसरीकडे "इंजिनाला थोडे बॅक-प्रेशर लागतेच." यांपैकी एकही खरे नाही. मागचा दाब इंजिनाला कधीच उपकारक नसतो. परंतु जाड नळी बसविल्यावर खालच्या फेऱ्यांत गाडी मंद झाली हा अनुभव खरा असतो, आणि त्याचे कारण दाब गेला हे नसून वायूचा वेग गेला हे असते. एक्झॉस्ट झडप उघडताच दाबाची लाट नळीतून धावते. नळीचे तोंड जेथे एकत्र मुखात रुंदावते तेथे पोहोचताच तिच्यामागून विरळ दाबाची लाट उलट झडपेकडे परतते. ती परतलेली लाट, एक्झॉस्ट व इनटेक या दोन्ही झडपा क्षणभर एकदम उघड्या असताना पोहोचली, तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला आत बोलावते. तप्त वायूत लाटेचा वेग सेकंदाला साडेपाचशे मीटरांच्या आसपास धरला तर ७५ सेंटिमीटरची नळी जाऊन-येऊन पार करायला तिला तीन मिलिसेकंदांहून थोडा कमी वेळ लागतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर क्रँकची एक फेरी दहा मिलिसेकंदांची, ३००० वर वीस. लाटेची चाल जवळपास तीच, इंजिनाची बदलती. म्हणून एका लांबीची नळी एका विशिष्ट फेऱ्यांच्या पट्ट्यातच वेळ साधते. लांब व बेताच्या व्यासाची नळी खालच्या फेऱ्यांना, आखूड नळी वरच्या फेऱ्यांना मानवते.

चार नळ्या थेट एकात मिळवाव्या की आधी दोन-दोनांच्या जोड्या करून मग एकात, हा प्रश्नही यावरच ठरतो. १-३-४-२ या ठिणगीच्या क्रमात पहिला व चौथा, आणि दुसरा व तिसरा, हे सिलिंडर एकमेकांपासून पूर्ण एक फेरी दूर असतात, म्हणून जोडी त्यांचीच लावतात. अशी जोडणी मधल्या फेऱ्यांत रुंद पट्ट्यावर बळ देते, तर थेट चार-एक मांडणी वरच्या टोकाला थोडे अधिक. बदलापूरहून कर्जतकडे जाताना ज्याला ट्रकमागून निघून पुढे जायचे आहे, त्याचे इंजिन बहुतेक वेळ तीन-चार हजारांच्या घरात असते. त्याने चार-एक बसविणे म्हणजे जेथे कधी जायचे नाही त्या गावाचे तिकीट काढणे होय. आणि सिलिंडर हेडला हात न लावता, इंजिनाचा संगणक नव्याने न जुळवता नुसत्या हेडरने मिळणारी वाढ काही टक्क्यांचीच असते, हेही आधी सांगून टाकलेले बरे.

आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, या समजुतीला शर्यतीच्या जगातही आधार नाही. विद्याविहारच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची ओरायन रेसिंग ही विद्यार्थ्यांची चमू ज्या प्रकारच्या स्पर्धांसाठी गाड्या बांधते, त्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत ११० डेसिबलांच्या वर आवाज गेला तर गाडीला धावूच देत नाहीत.

रस्त्यावरचे नियम तर याहून कडक आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनी निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे फेरफार नामंजूर केले आहेत. आवाज व धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० अन्वये पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हींची तरतूद आहे, शिवाय परवान्यावर तीन महिन्यांची अपात्रता. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहाच्या पुष्कळ गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डला अगदी चिकटून असतो, म्हणजे हेडर बसविणे हे कन्व्हर्टर काढणेच ठरते. आणि फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टसारख्या इंजिनांत तर मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, तेथे हेडरला जागाच नाही. तेव्हा गाडी रस्त्यावरची असेल तर नळी कापण्याआधी कल्याणच्या परिवहन कार्यालयात लेखी खातरजमा करून घ्यावी. दुसऱ्याच्या श्वासात विष सोडून मिळवलेला वेग मला तरी मान्य होण्यासारखा नाही.

हेडरला गुंडाळायच्या पट्टीविषयी इतकेच, की ती उष्णता आत कोंडते, त्यामुळे नळीचा धातू अधिक तापतो, आणि आमच्याकडच्या पावसात भिजून दिवसेंदिवस ओली राहते. नित्य वापराच्या गाडीला पत्र्याचे उष्णतारोधक कवच बरे. नळी पिवळी, तांबूस, मग निळी होणे हा दोष नव्हे; ऑक्साइडचा थर जाड होत गेला की प्रकाश तसा परततो, आणि ३०४ वर गडद निळा रंग सहाशे अंशांच्या सुमारास येतो, एवढाच त्याचा अर्थ.

तीन आठवड्यांनी नवा हेडर तयार झाला: ३०४एल, १६ गेज, दोन-दोन जोड्यांचा, लवचिक जोडासह, आणि कन्व्हर्टर जागच्या जागी. तरुणाने इंजिन सुरू करायला चावी फिरवली तोच कारागिराने हात वर करून त्याला थांबविले आणि थिनरमध्ये भिजवलेला सुती कपडा पुढे केला, कारण नळीवर राहिलेले तेलकट बोटांचे ठसे पहिल्या उष्णतेत भाजून कायमचे बसतात. तरुण गुडघ्यावर बसून एकेक नळी पुसू लागला. "झालं की दहा मिनिटं चालू ठेव," कारागीर म्हणाला, "मग पूर्ण गार होऊ दे, आणि नट पुन्हा आवळायला इकडंच ये."