दोन हात, दोन हिशेब

२०१६ साली मी शाळेतून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून एक जुना उभा पियानो विकत घेतला. दादरला आमच्या दुसऱ्या मजल्यावर तो चढवताना हमालांनी जे शब्द उच्चारले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत. आमचे हे मात्र काहीच बोलले नाहीत. त्या पैशांत आधी घराची दुरुस्ती व्हावी, असे त्यांच्या मनात होते. पुढे दोन वर्षे मी वाजवायला बसले की हे चपला घालून खाली उतरत. संसाराला पस्तीस वर्षे झाली की भांडण तोंडाने होत नाही, ते असे चपलांनी होते.

सोप्या चाली हळूहळू बोटांत बसल्या. गाडे अडले ते देब्यूसीच्या पहिल्या 'अराबेस्क'पाशी. उजव्या हातात तीन स्वर आणि तेवढ्याच वेळात डाव्या हातात दोन! वांद्र्याच्या माझ्या शिक्षिकाबाई सांगत, "सहा मोजा. उजवा हात एक, तीन, पाचवर. डावा एक आणि चारवर." मोजून जमे, पण वाजे ते टंकयंत्रासारखे. मग एकदम दिडकी आठवली. लहानपणी वडिलांनी पावकी, निमकी, दिडकी घोकून घेतली होती. दोनाची दीडपट तीन! म्हणजे आपल्या तबल्यातली आड लयच की ही. डाव्या हाताला मूळ लय मानले, उजव्याला दीडपट. तीन आठवड्यांनी मोजणे सुटले.

शोपँच्या 'फँतेझी-अँप्रोम्प्त्यू'त उजव्या हातात चार आणि डाव्यात तीन, तेही धावत. तिथे बारा मोजत बसाल तर गाडी सुटलीच! एकेक हात इतका घोटावा लागतो, की त्याला आपली गरज उरत नाही. मग दोघांची गाठ फक्त पहिल्या स्वरावर घालायची. शोपँने ही रचना १८३४ च्या सुमारास केली, पण हयातीत छापली नाही. ती प्रसिद्ध झाली त्याच्या मृत्यूनंतर, १८५५ साली. माझ्या हयातीत ती जमेलसे दिसत नाही. तरी रोज पंधरा मिनिटे देते.

आणि मग बार्टोक आला. या हंगेरियन संगीतकाराने १९२६ ते १९३९ या काळात 'मिक्रोकॉस्मॉस' नावाने १५३ रचना केल्या. सोप्यापासून चढत्या क्रमाने, सहा भागांत. पहिले दोन भाग त्याने आपल्या मुलाला, पीटरला, अर्पण केले आहेत. शेवटचे सहा मात्र बल्गेरियन लयीतले नाच आहेत, नि ते मुलांचे काम नव्हे. त्यांत पावले दोन जातींची, आखूड आणि लांब; मात्रा मोजायला उसंतच नाही.

२०१८ च्या एका संध्याकाळी मी १४९ क्रमांकाचा नाच धरला होता. हे चपला घालता घालता दारातच थांबले.

"अगं, हा तर रूपक!"

"अहो, रूपक तीन-दोन-दोन. हा दोन-दोन-तीन आहे."

"मग चौथ्या मात्रेपासून धर ना!"

खरेच की. धीं ना, धीं ना, तीं तीं ना. चपख बसले! पण हे मान हलवणार 'तीं'वर, कारण त्यांची सम तिथे. आणि बार्टोकला वजन हवे पहिल्याच 'धीं'वर. तासभर वाद झाला. दोन वर्षांनी आम्ही पियानोवरून भांडलो, आणि तेही तोंडाने! शेवटी ह्यांनी चपला काढल्या आणि माळ्यावरून तबला उतरवला.

१४८ ला चार-दोन-तीन अशा नऊ मात्रा आहेत. तिथे त्यांचा कोणताच ठेका लागू पडेना, तेव्हा ते पुस्तकात डोकावले. त्यांना ती लिपी येत नाही. मी बोट ठेवून दाखवत गेले.

घराची दुरुस्ती अजून व्हायचीच आहे. सध्या आम्ही १५३ वर आहोत: तीन-तीन-दोन. हे म्हणतात, तुझे दोन लवकर संपतात. मी म्हणते, तुम्ही लय वाढवता.